गिरजेतल्या मोसंब्या

छाजेड मॅडमबरोबर चहा प्यायचा म्हणजे गार चहा प्यायची तयारी ठेवावी लागे. जालन्याच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. दोघांचे तास एकाच वेळी संपत, त्यामुळे चहाला हटकून गाठ पडायची. शिपायाला त्यांची सक्त ताकीद होती की दूध वेगळं आणायचं. मग त्या कोऱ्या चहात दुधाची बारीक धार सोडायच्या आणि चमचा हातात तसाच धरून कपात बघत बसायच्या. दूध आधी तळाला जाई, मग कडेकडेनं ढगासारखं वर येई. नातवाला पहिलं पाऊल टाकताना बघावं तसा आनंद मॅडमच्या चेहऱ्यावर दिसे.

मी माझ्या कपात चमचा घातला की त्या ओरडायच्या, "ढवळू नका ना सर! बघू तर द्या."

"मॅडम, हा माझा कप आहे."

"हो, पण तुम्ही कुठं बघून राह्यलात त्यात?"

हळूहळू मीही बघायला लागलो. मराठीच्या माणसाला चहात एवढं काय दिसतं, असं बाकीचे प्राध्यापक आपसात म्हणत. म्हणोत बापडे. त्यांनी आयुष्यभर गरम चहा प्याला आणि शिक्षकांच्या बढत्यांशिवाय दुसऱ्या कशाकडे पाहिलं नाही.

नदीत पडलेली घाण पुढं कशी जाते, हा मॅडमच्या संशोधनाचा विषय. ती किती वेगानं जाते, वाटेत किती पसरते, कुठं अडकते, कधी सुटते. आमचे प्राचार्य पाहुण्यांना ओळख करून देताना, "या छाजेड मॅडम, यांचं घाणीवर फार मोठं काम आहे," असं मोठ्या अभिमानानं सांगत, आणि मॅडम तितक्याच आनंदानं नमस्कार करत. अंगानं भरलेल्या, ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या बाई. कायम सुती साडी. नदीवर जाताना पायात नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट. घराणं राजस्थानातून आलेलं, पण त्याला इतक्या पिढ्या लोटल्या होत्या, की मॅडम भांडायच्या मराठीत, हिशेब करायच्या मारवाडीत आणि कौतुक करायच्या हिंदीत. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांच्या यजमानांचं अडतीचं दुकान होतं. शेठ गालातल्या गालात हसत सांगत, "आमचा पैसा सगळा मोंढ्यात, आणि हिची हुशारी सगळी पाण्यात." पण रविवारी बायकोला नदीवर जायचं असलं, की डबा, बादल्या आणि मिठाच्या पिशव्या एसटीच्या टपावर चढवायला तेच यायचे.

दोन शब्द मात्र त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. 'वाहून गेलं.' एकदा प्रयोगशाळेत कुणा पोरानं भांड्यातलं उरलेलं रसायन मोरीत ओतलं आणि "गेलं वाहून," असं म्हणाला. मॅडमनी त्याला समोर उभं केलं.

"कुठं गेलं?"

"मोरीत, मॅडम."

"मंग?"

"गटारात."

"मंग?"

मॅडमनी त्याला तिथल्या तिथं बाहेर काढलं आणि ती मोरी कुठंवर जाते ते चालत जाऊन बघून यायला सांगितलं. दुपार टळल्यावर तो घामाघूम होऊन आला. गटार वसतिगृहामागून, एका गिरणीशेजारून, शेवटी एका म्हातारीच्या उंबऱ्याला लागून जात होतं. म्हातारी तिथंच बसून भांडी घासत होती. मॅडम म्हणाल्या, "आता लक्षात ठेवा. वाहून गेलं म्हणायचं नाही. पुढच्याच्या दारात गेलं म्हणायचं." तो पोरगा आता एका मोठ्या कारखान्यात आहे आणि अजून भेटला की हीच गोष्ट सांगतो.

नदीसाठी त्यांना गावाबाहेर जावं लागे. कुंडलिका घराजवळच होती, पण, "तिच्यात मी नवीन काय टाकू? आधीचंच मोजून होत नाही," असं त्या म्हणायच्या. त्यांना एखादी साधी, भोळी नदी हवी होती. मी बोलता बोलता बोलून गेलो की हसनाबादच्या खाली, गिरजा नदीच्या काठी आमचं गाव आहे. पावसाळा ते हिवाळा नदी वाहती असते, मधे एक मोठा डोह आहे. झालं! पुढच्या रविवारी बाई गिरजेत उतरल्या.

पाण्याचा वेग बघायला त्या मोसंब्या सोडायच्या. जालन्याच्या माणसाला मोसंबीची काय कमी? त्यांचं म्हणणं, लाकूड हलकं, ते वाऱ्यानं पळतं. मोसंबी जवळजवळ बुडून चालते, तिला वारा धरत नाही, आणि लांबून पिवळीधमक दिसते. हिशेब बिनचूक होता, फक्त त्यात आमच्या गावची पोरं धरलेली नव्हती. वर सोडलेली एकही मोसंबी खाली पोचेना. पोरं मधेच पाण्यात उड्या टाकून ती सोलून खात. मग मॅडमनी युक्ती काढली. मोसंब्यांना गेरू फासला, म्हणजे खायच्या नाहीत हे कळेल.

पोरांना ते कळलंच, पण साऱ्या गावालाही भलतंच काही कळलं. लाल फासलेली, एकामागोमाग एक येणारी फळं बघून घाटावरच्या बायका धुणं टाकून घरी पळाल्या. चार दिवसांनी माझे थोरले बंधू तडक कॉलेजात हजर झाले. दादा म्हणजे शेती, मिशा आणि शब्द ही तिन्ही राखून असलेला माणूस. स्टाफरूमच्या दारातूनच त्यांनी आवाज दिला.

"कोन बाई हाय रे तुमच्या कालिजात? गिरजेत उतारा सोडून राह्यली म्हनं. गावात कुनी नदीवर जायला तयार न्हाई. रंभाजीतात्याची म्हैस आटली, त्येचं बी खापर तिच्यावरच."

ती बाई दादांच्या शेजारच्याच खुर्चीत, चहाच्या कपात बघत बसली होती. मॅडमना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पण हसू ओसरल्यावर त्या उठल्या आणि दादांना म्हणाल्या, "चूक माझी हाय. गावाला न विचारता गावच्या नदीत काम केलं. मी येते आणि सांगते."

आणि खरंच आल्या. चावडीवर गेल्या नाहीत, सरळ घाटावर धुण्याच्या दगडावर जाऊन बसल्या. बायका आधी लांब उभ्या राहिल्या. मॅडमनी एक मोसंबी पाण्यात सोडली आणि म्हणाल्या, "ही मोसंबी न्हाई असं समजा. वरच्या गावानं टाकलेली घाण समजा. ती तुमच्या घागरीपाशी कधी येते, तेवढंच मला बघायचंय."

आमच्या वहिनींनी पदर खोचला. "म्हंजे वरल्या गावच्या बायकांनी धुतलेली लुगडी आमच्या घागरीत?"

"बिलकुल बराबर!" मॅडम ओरडल्या. एम.एस्सी.च्या पोरांना जे उमजायला वर्ष लागतं ते वहिनींना तेवढ्यात उमजलं म्हणून त्यांना कोण आनंद! त्या दिवसापासून मोसंब्यांवर पहारा बसला. कुणी पोरगं पाण्यात शिरलं की बायकाच त्याला बखोटीला धरून बाहेर काढू लागल्या.

पुढं त्या मीठ घेऊन येऊ लागल्या. बादलीभर मिठाचं पाणी वरच्या अंगाला ओतायचं आणि खाली पाण्यात यंत्राची कांडी बुडवून ते कधी पोचतं, कधी संपतं ते बघायचं. मिठाचा मोठा भाग झरकन निघून जाई. मग सगळ्यांना वाटे, संपलं. पण मॅडम कांडी काढायच्या नाहीत. कारण थोडं थोडं मीठ नंतर कितीतरी वेळ येतच राही. ते डोहात, कपारीत, लव्हाळ्यात शिरून बसलेलं असे आणि सवडीनं बाहेर पडे. "घाणीचं डोकं जल्दी निघून जातं सर," त्या म्हणायच्या. "शेपूट मागं राहतं. लोक डोकं बघतात आणि घरी जातात."

जैन असल्यानं त्या सूर्यास्तानंतर जेवत नसत. त्यामुळे संध्याकाळी मोठी गंमत व्हायची. इकडे मिठाचं शेपूट संपायचं नाव घेईना, तिकडे सूर्य खाली चाललेला. मग मॅडम एका हातात कांडी आणि दुसऱ्या हातात पुरी अशा पाण्यातच उभ्या राहून जेवायच्या. वहिनी काठावरून लोणच्याची फोड पुढं करायच्या आणि, "अवो, बसून तरी खा," म्हणून रागवायच्या.

आमच्या घरी पाणी पिताना त्या आधी ते फडक्यातून गाळून घेत. त्यात नवल नव्हतं, जैनांच्या घरी ते असतंच. पण गाळून झाल्यावर ते फडकं त्या चांगल्या पाण्यात अलगद खळबळत आणि ते पाणी तांब्यात घेऊन पुन्हा आमच्या विहिरीत सोडून येत. एवढ्या उन्हात हे कशाला, असं वहिनींनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "फडक्यात जे बारीक जीव अडकले ते याच विहिरीचे ना? त्यांना त्यांच्या घरी सोडायचं. लहानपणी मी आईला विचारलं होतं, दुसऱ्या विहिरीत टाकले तर? आई म्हणाली, प्रत्येक पाणी वेगळं असतं बेटा, परक्या पाण्यात ते मरतील. मला तेव्हापासून नादच लागला, की पाण्यातलं पाण्यात कुठून कुठं जातं." मला हे ऐकून फार बरं वाटलं होतं. इतकी वर्षं शेजारी बसून मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं, ते वहिनींनी एका दुपारी विचारून घेतलं.

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी वरच्या अंगाला पुलावरून एक टेम्पो नदीत कोसळला. ड्रायव्हर वाचला, पण टेम्पोत कपाशीवर फवारायच्या औषधाचे डबे होते, ते फुटले. वरच्या गावात दुधासारखं पाणी वाहिलं आणि मासे पालथे पडले. संध्याकाळी एसटीच्या कंडक्टरनं ही बातमी जालन्याला आणली. मी मॅडमच्या घरी धावलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "उद्या पोळा ना? बैल कुठं धुतात?"

"डोहात," मी म्हणालो.

सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही गावात पोचलो. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची खांदमळणी आदल्या दिवशीच झाली होती. शिंगं हिंगुळानं रंगवायची बाकी होती, त्याआधी नदीवर अंघोळ. सारे बैल घाटावर जमलेले आणि सारं गाव खुशीत, कारण पांढरं पाणी रातोरात पुढं निघून गेलं होतं. डोह नितळ होता. तळाचे गोटे दिसत होते. डोहात पहिला बैल उतरवायचा मान आमच्या, म्हणजे पाटलांच्या घराचा. आजोबांनी त्यासाठी भावकीशी भांडण केलेलं, वडिलांनी तो जपलेला, आणि आता दादा पवळ्याची वेसण धरून पाण्याशी उभे. पवळ्या उतरला की बाकीचे उतरणार होते. तो उतरला नाही तर एकही उतरणार नव्हता.

मॅडम उतार धावत उतरल्या. "दादा, थांबा! बैल घालू नका."

"का बरं? घान तर गेली की वाहून."

नेहमीसारखा त्यांनी दुरुस्त केला नाही तो शब्द. म्हणाल्या, "डोकं गेलं. शेपूट याच डोहात हाय. बैल पाणी पिणार, पोरं बुड्या मारणार."

म्हैसवाले रंभाजीतात्या मागून बोलले, "बाई, पानी आरशावानी हाय. तुमच्या यंत्रात बघा अन सांगा, किती जहर हाय ते."

"हे औषध मोजायचं यंत्र माझ्याकडे न्हाई," मॅडम म्हणाल्या. खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. "पण याच डोहात मी मीठ मोजलंय. ते किती वेळ दडून बसतं ते मला ठाऊक हाय."

लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. तेव्हा मॅडमनी पिशवीतून मोसंब्या काढल्या. पहिली त्यांनी धारेत फेकली. ती सरळ निघाली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली. दुसरी डोहाच्या कडेला टाकली. ती धारेकडे गेली, तिथून मागं फिरली, कपारीशी आली, पुन्हा निघाली, पुन्हा मागं फिरली.

"काल आलेलं औषध असंच फिरून राह्यलंय," मॅडम म्हणाल्या. "ही मोसंबी बाहेर निघते का बघा. ती निघत न्हाई तोवर बैल घालू नका. मी चुकले, तर पुन्हा या नदीत पाय ठेवणार न्हाई."

सारं गाव त्या मोसंबीकडे बघत राहिलं. दादाही बघत होते. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. घराण्याचा मान, सणाचा दिवस, सगळी भावकी तमाशा बघायला हजर, आणि समोर जालन्याची एक बाई नुसतं फळ दाखवून सांगतेय की थांबा. मोसंबी पुन्हा एकदा कपारीशी आली. दादांनी पवळ्याच्या पाठीवरून हात फिरवला, वेसण खेचली आणि त्याला मागं फिरवलं.

"चला," ते म्हणाले. "वरल्या रानातल्या हिरीवर पानी उपसायचं आईल इंजिन हाय, त्यानं हौद भरू. समद्यांचे बैल तिथं धुवू."

तात्या पुटपुटले, "मान घालवला पाटलानं." दादांनी ऐकलं आणि ते तसेच पुढं चालू लागले. मानाचा बैलच फिरला म्हटल्यावर बाकीचे कुणासाठी थांबणार? रानातल्या हौदावर पोळ्याची अंघोळ झाली, चिखल झाला, भांडणं झाली, मिरवणूक उशिरा निघाली. मॅडम मात्र आल्या नाहीत. त्या डोहावरच बसून होत्या. एखादं पोर, एखादं जनावर चुकून पाण्यात शिरेल म्हणून.

दिवस कलताना मी त्यांना जेवायला बोलवायला गेलो. डोहात मासे वर येऊ लागले होते. आधी एखाददुसरा, मग कपारीतून मोठमोठे, पांढरी पोटं वर करून. त्याच नितळ पाण्यात. मागून दादा आणि तात्याही आले. तात्यांनी टोपी काढली, ती हातात फिरवली आणि पुन्हा घातली.

मॅडमना कुणी शाबासकी देण्याआधीच आम्हाला दिसलं की त्या रडताहेत. "बैलांना थांबवायला आपण होतो," त्या मला म्हणाल्या. "या माशांना कुणी सांगितलंच न्हाई." सूर्य मावळला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

त्या दिवसाबद्दल माझ्या मनात काय आहे ते सरळच लिहितो. माझ्या गावची जनावरं आणि पाण्यात उड्या मारणारी पोरं त्या बाईमुळे धडधाकट राहिली. त्यात माझे दोन पुतणे होते. हे उपकार फिटायचे नाहीत आणि ते फिटावेत असं मला वाटतही नाही.

पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. शेठनी दुकान पुतण्याकडे दिलं होतं आणि दोघांनी इंदूरला मुलीकडे जायचं ठरलं होतं. निघायच्या आधी पोळा येत होता. दादा स्वतः जालन्याला त्यांच्या घरी गेले. मिशीला पीळ देत म्हणाले, "मॅडम, पोळ्याला याच. न्हाई म्हनू नका." असं आमंत्रण त्यांनी मला कधी दिलेलं मला आठवत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सारे बैल काठावर रांगेत उभे होते. पाऊस चांगला झालेला, डोह भरलेला. एकही बैल पाण्यात नव्हता. मॅडमना वाटलं, पुन्हा काही घडलं की काय. घाबरून त्यांनी विचारलं, "काय झालं? पाणी खराब हाय का?"

"पानी झकास हाय," दादा म्हणाले.

"मंग कुणाची वाट बघून राह्यलात?"

दादांनी पवळ्याची वेसण त्यांच्या हातात दिली. "तुमची. औंदा मान तुमचा. तुमी उतरा, मंग आमचे बैल."

काठावर भावकी उभी होती, तात्या उभे होते. तात्यांनी बाजूला सरून वाट करून दिली. मॅडम दादांकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. मी मान हलवली. त्यांनी साडी खोचली आणि पवळ्याला घेऊन पाण्यात पाऊल टाकलं. एवढं दांडगं जनावर, पण गरीब गायीसारखं त्यांच्यामागून गेलं. त्या गुडघाभर पाण्यात पोचल्या आणि मागं वळून त्यांनी हात वर केला. तशी सगळी रांग आरडाओरडा करत पाण्यात घुसली. बैल, पोरं, फेसाळलेलं पाणी. पवळ्यानं मान झटकली आणि मॅडम नखशिखान्त भिजल्या. त्या मोठमोठ्यानं हसत होत्या, चष्मा डोळ्यांवर नव्हता, आणि त्यांचा हात बैलाच्या वशिंडावर होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. काठावर माझ्या शेजारी दादा हात जोडून उभे होते, आणि शेवटचा बैल पाण्यात जाईपर्यंत त्यांनी ते खाली घेतले नाहीत.